कळी : शून्य एक सात तीन

माझा उजवा हात स्वस्थ बसत नाही. ओट्याशी वरणाला उकळी यायची वाट बघत उभी असले, रिक्षात बसले, कुणाकडे सत्यनारायणाला मांडी घालून बसले, तरी बोटं काहीतरी टाइप करत असतात. डावा अंगठा हवेतलंच एक बटण दाबून धरतो आणि उजवी बोटं आकडे मारतात. शून्य एक सहा पाच. शून्य एक नऊ आठ. घरात यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. नवरा विचारतो, "आज कुणाला फोन?" मी हात ओढणीखाली घेते, आणि पाच मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो.

गेल्या महिन्यात नसीमचा फोन आला, बशीरचाचांच्या मुलीचा. चाचा जाऊन वर्ष झालं होतं. मला तेव्हाही कळलं होतं आणि तेव्हाही मी गेले नव्हते. नसीम म्हणाली, "दुकान रिकामं करून द्यायलेय. अब्बांच्या सीड्या हायत, तुझ्या अक्षरातली ती वही हाय. मला त्यातलं काय बी कळत नाय. तूच ये." मी "बघते" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. मग कपाट आवरायला काढलं. मग ते तसंच पसरलेलं टाकून चप्पल घातली.

गुलमंडीच्या मागच्या त्या गल्लीत मी बावीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. पुंडलिकनगरच्या घरून निघायचं, बाजार करायचा आणि ती गल्ली आली की वळसा घालून पलीकडून जायचं, अशी मी पायांना सवयच लावून टाकली होती. त्या दिवशीही पाय आपसूक वळले. मी त्यांना परत वळवलं.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढं गिऱ्हाइकांचा बाक, मागं काँप्युटर. मागच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, जसं काही आत देव्हारा आहे. काँप्युटरला फुलाफुलांचं कापडी झाकण असायचं. ते रोज सकाळी चाचा स्वतः काढायचे, दोनदा झटकायचे, चौकोनी घडी घालायचे. चाचा मूळचे कातिब. उर्दू लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मुशायऱ्यांची पोस्टरं, सगळं बोरूनं हातानं लिहायचे. बोरूचा कागदावर किरकिर आवाज यायचा, आणि मागच्या खोलीतून माझ्या बटणांचा खडखडाट. मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळ्याची घाई होती. चाचांना कशाचीच नव्हती. ते बशीत चहा ओतायचे, त्यावर फुंकर घालायचे आणि म्हणायचे, "इत्ती जल्दी कायकू करती बेटा? शादी परसों थोडीच है."

आमच्या दोघांचं एक काम मात्र घाईचंही नव्हतं आणि गिऱ्हाइकाचंही नव्हतं. आम्ही फाँट बनवत होतो. प्रत्येक अक्षरामागं काँप्युटरला फक्त एक नंबर दिसतो, हे मी चाचांना समजावून सांगितलं होतं. त्या नंबरवर अक्षराऐवजी फूल बसवलं, तर बटण दाबल्यावर फूल उमटतं. चाचांनी एक बटण दाबून बघितलं, मग दुसरं. मग म्हणाले, "मतलब ये मशीन पढ़ती कुछ नै. गिनती है बस." त्या संध्याकाळपासून ते बटर पेपरवर शाईनं चिन्हं काढू लागले. कलश, सनई, चंद्रकोर, हिमरू शालीवर विणतात ती आंब्याची बुट्टी म्हणजे कोयरी, वेलीचे तुकडे. दिवाळीच्या आधी दौलताबादहून सीताफळांच्या पाट्या यायच्या तेव्हा चाचांनी एक सीताफळ टेबलावर ठेवून त्याचंही चिन्ह केलं. मग आम्ही दोघांनी ते खाल्लं आणि बिया शाईच्या दौतीच्या झाकणात टाकल्या. मी चित्रं स्कॅन करून एकेका नंबरवर बसवायची. लाल पुठ्ठ्याची एक लांब वही केली होती. डावीकडं चाचांनी शाईनं काढलेलं चिन्ह, उजवीकडं माझ्या अक्षरात त्याचा नंबर. बटणावर न मावणाऱ्या चिन्हांसाठी ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि चार आकडे मारायचे. ते आकडे माझ्या बोटांत तेव्हा जे शिरले ते शिरलेच.

सगळ्या जागा भरत आल्या तेव्हा चाचांनी एक अगदी लहान चित्र माझ्यापुढं ठेवलं. मसुरीच्या दाण्याएवढी मिटलेली कळी. दोन रेषा आणि एक देठ. "ये मेरी है," ते म्हणाले. "इसकू कहीं छुपा के रख. किसी का हाथ लगना नै." मी नंबरांचा छापील तक्ता काढून जागा शोधली. एकशे त्र्याहत्तर. तिथं काहीच दिसत नव्हतं.

"ही रिकामी आहे, चाचा. इथं कुणाचं बोट चुकूनसुद्धा जायचं नाही."

"पक्का?"

"पक्का!"

वहीच्या शेवटच्या ओळीत मी ठसठशीत लिहिलं, शून्य एक सात तीन. तक्ता नीट वाचायला दोन मिनिटं लागली असती. मला घाई होती.

ती कळी सगळ्यांना मिळायची नाही. पत्रिकेच्या अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, शोधल्याशिवाय दिसणार नाही अशी ती असायची. चाचा ज्याला आपलं मानायचे त्याच्याच पत्रिकेत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बहिणीच्या पत्रिकेत होती. एका मोठ्या बंगलेवाल्यांच्या पत्रिकेच्या वेळी मी विचारलं तर म्हणाले, "नक्को. अच्छे लोग हैं, लेकिन अपने नै." नसीमच्या लग्नाच्या पत्रिकेत ती मी माझ्या हातानं घातली. चाचा मागं उभे होते आणि मी शेवटचा तीनचा आकडा मारेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नसावा.

लगीनसराईचे दिवस मला वासांनीच आठवतात. लेझर प्रिंटरमधून गरम बटर पेपर निघायचा, त्याचा करपट वास. पाकिटांच्या गठ्ठ्यांचा खळीचा वास. वीज गेली की बॅटरीची टीं टीं सुरू व्हायची आणि आम्ही फाईल वाचवायला धावायचो, आणि त्या धांदलीत शाईची दौत एकदा तरी लवंडायचीच. दर कामाची पहिली छापील पत्रिका हातात आली की चाचा कानातला अत्तराचा फाया काढायचे, केवड्याचा, तो पत्रिकेच्या कडेला टेकवायचे आणि ती नमुन्यांच्या जाड फाईलमध्ये लावायचे. गिऱ्हाईक फाईल उघडायचं आणि दुकानभर केवडा पसरायचा. मी सांगायची, "चाचा, डाग पडतात." ते सांगायचे, "पड़न दे."

आणि मग तो दिवस, ज्याच्याभोवती मी इतकी वर्षं घिरट्या घालतेय. एक गिऱ्हाईक आलं होतं, पोरीचं लग्न काढलेलं, घाईत. त्याला वधूवरांची नावं वळणदार हवी होती. चाचांनी बोरू घेतला, टोक अंगठ्यावर तपासलं, दौतीचं झाकण उघडलं. गिऱ्हाईक घड्याळाकडं बघायला लागलं. आणि मी मागच्या खोलीतून म्हणाले, "राहू द्या हो चाचा. आता कलमाची काय गरज? मशिनवर दोन मिनिटांत होतंय." उचलली जीभ, लावली टाळ्याला! गिऱ्हाईक हसलं. चाचांनी बोरू कपड्यानं पुसला आणि पेल्यात उभा ठेवला. "हौ, सच है," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी असताना त्यांनी बोरू हातात घेतला नाही. किरकिर थांबली. मला ती शांतता टोचायची. मी मुद्दाम बटणं जोरात आपटायची. माफी मागायला दोन शब्द लागतात आणि मी ते रोज घरून घेऊन यायची, रोज घरी परत न्यायची. मग माझं लग्न ठरलं आणि मी काम सोडलं. आयतंच निमित्त मिळालं.

लग्नाच्या महिनाभर आधी चाचा सायकलवरून माझ्या माहेरी आले. हातात पाकीट, पाकिटात सीडी. "तेरी पत्रिका बनाया मैं," ते म्हणाले. "मशीन पे. वही देख देख के, एक उंगली से." त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. माझं सासर मूळचं वैजापूरचं, आणि सासऱ्यांच्या चुलतभावाचा तिथं छापखाना. घरचा छापखाना असताना बाहेर कशाला, असं ठरलं होतं. बाबा आणि मी एसटीनं सीडी घेऊन गेलो. कांद्याच्या मोसमात वैजापूर स्टँडपासून छापखान्यापर्यंत सगळीकडं ओल्या कांद्याचा वास होता. छापखान्यात सॉफ्टवेअर वेगळं होतं. तिथल्या माणसानं फाँट चढवला, आमच्या फाईलमधला मजकूर उचलून आपल्या पानात टाकला आणि कच्ची प्रत काढून दिली. वेल होती, कलश होता, आंब्याची बुट्टी सुबक बसली होती. मी सगळ्यात आधी उजवा कोपरा बघितला.

कळी नव्हती.

बाबा म्हणाले, "छान झालीय की!" मी म्हटलं, "हो." आणि खाली सही केली, बरोबर आहे म्हणून. मिळालं आपल्याला उत्तर, असं मनात म्हटलं. चाचांनी सगळं दिलं होतं, फक्त आपलं मानलं नव्हतं. अच्छे लोग हैं, लेकिन अपने नै. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले आणि बाबांना वाटलं, लग्नाचं रडतेय.

चाचा लग्नाला आले. पाच मिनिटं. डोक्यावर हात ठेवला, आणि हात काढल्यावरही जागेवरच उभे राहिले, माझ्याकडं बघत, मी काही बोलेन अशी वाट बघत असल्यासारखे. मीही वाट बघत होते. मागची रांग पुढं सरकली आणि ते गेले.

त्या दिवशी दुकानात शिरताना मी सवयीनं चपला काढल्या. नसीम हसली. "अगं, आत काय उरलंय आता? रद्दी हाय नुसती." केस पांढरे झाले होते तिचे, माझ्यासारखेच. काँप्युटरवर तेच झाकण होतं, फुलं विटलेली. लाल वही मी उघडली आणि लगेच मिटली. त्यांचं चिन्ह आणि माझं अक्षर शेजारी शेजारी बघवेना.

नसीम सीड्यांची चळत माझ्या हातात देत म्हणाली, "सनाचं लग्न ठरलंय, माझ्या पोरीचं. म्हणते, अम्मी, तुझ्या पत्रिकेची वेल पाहिजे. सेम टू सेम. आणि नानाची कळी." मग माझ्या दंडाला कोपर मारून, अगदी सहज, "ह्या टायमाला काढू नको बरं का."

"ह्या टायमाला म्हणजे?"

"तुझ्या पत्रिकेतून काढली होतीस ना."

मला काही समजेना. "मी? मी कशाला काढू? चाचांनी घातलीच नव्हती."

"घातली होती की!" नसीमचं हसू थांबलं. "मी बाजूला बसलेली. तुझी वही अशी उघडी. तीनदा चुकले, तीनदा परत मारले आकडे. मग छापून आली तर कळी नाय. अब्बांना लई लागलं ते. पण म्हणायचे, ससुराल वालों कू पसंद नै आया होंगा. बच्ची क्या करेंगी."

मी सीड्या छातीशी धरून उभी राहिले. बाहेर एक मोटरसायकल बराच वेळ सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. मी नसीमला काहीतरी सांगून बाहेर पडले. रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, जरा जोरात घ्या. तो म्हणाला, "ताई, सिग्नल हाय." हाताची बोटं मांडीवर तेच तेच मारत होती, शून्य एक सात तीन, शून्य एक सात तीन.

माझा घरचा काँप्युटर नवा, त्याला सीडी लागत नाही. शेजारच्यांकडून सीडी चालवायचं यंत्र मागून आणलं. आधी नसीमची पत्रिका उघडली, कारण माझी उघडायचा धीर नव्हता. पडद्यावर चौकोनी डबे, पाउंडाची खूण, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच इंग्रजी अक्षरं. आमचं सगळं कोरीव काम कुणीतरी पोत्यात भरून हिसडल्यासारखं. सीडीवरूनच आमचा जुना फाँट चढवला. मग एकेक डबा उमलायला लागला. वेल आली. चंद्रकोर आली. सीताफळ आलं. खाली शहराचं जुनं नाव आलं. मी उजव्या कोपऱ्यात गेले.

तिथं कोरं.

मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले. नसीमच्या पत्रिकेत तर कळी मी घातली होती! माझ्या हातानं, चाचा मागं उभे असताना. छापलेली मी डोळ्यांनी बघितली होती. मग कुठं गेली? सॉफ्टवेअरमध्ये लपलेल्या खुणा दाखवायचं एक बटण असतं. ते दाबलं. कोपऱ्यात, जिथं कळी असायला हवी, तिथं एक फिकट आडवी रेघ उमटली. ती निवडून नंबर बघितला. एकशे त्र्याहत्तर.

मग बावीस वर्षांनी मी तो तक्ता नीट वाचला. एकशे त्र्याहत्तर ही जागा रिकामी नव्हतीच. लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला तर जी रेघ काढायची, तिची ती जागा. शब्द तुटला नाही तर ती रेघ दाखवायचीच नाही, असा नियम. आमच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरला हा नियम माहीत नव्हता, म्हणून ते बिचारं कळी काढत राहिलं. वैजापूरच्या सॉफ्टवेअरला माहीत होता. त्यानं कळी गिळली आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

माझी पत्रिका शेवटी उघडली. लपलेल्या खुणा दाखवायचं बटण दाबूनच ठेवलं होतं. वेल, कलश, माझं नाव, आईबाबांचं नाव. उजव्या कोपऱ्यात फिकट आडवी रेघ. एका बोटानं मारलेली, तीनदा चुकून.

मी हमसून रडले. दुपारचे तीन वाजले होते, खाली भंगारवाला ओरडत होता. नसीमला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं, नंबर, तक्ता, वैजापूर, माझा "पक्का". ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू काढली नव्हतीस."

"नाही गं."

"आणि त्यांनी घातली होती."

"हो."

"आता कुणाला सांगायचं?" नसीम म्हणाली.

सनाच्या पत्रिकेत कळी मी फाँटमधून घातलीच नाही. तिचं चित्रच करून टाकलं, रेषा रेषा मोकळी करून. आता तिच्यामागं नंबर नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरला ती गिळता येणार नाही. कच्ची प्रत बघायला नसीम घरी आली. कागद निवडायचा म्हणून सोबत ती नमुन्यांची जाड फाईल आणली होती. "बांधून ठेवली होती, माळ्यावर सापडली," म्हणाली. मी सनाची कळी दाखवली. नसीमनं तिच्यावर बोट ठेवलं आणि ओढणीनं नाक पुसलं. नवऱ्यानं चहा आणून ठेवला आणि शहाण्यासारखा आत गेला.

मी फाईल चाळायला लागले. केवडा उडून गेला होता, नुसते पिवळे डाग राहिले होते प्रत्येक पत्रिकेच्या कडेला. चहावाल्याची बहीण. बंगलेवाले. नसीम. मग वैजापूरच्या छापखान्याची एक पत्रिका, जी आमच्या दुकानात छापलेली नव्हती आणि जिचा नमुना कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवायचा नव्हता. माझी. तिच्याही कडेला केवड्याचा डाग होता.

मी उजव्या कोपऱ्यात बघितलं. छपाईचा काळा रंग अजून तसाच काळा होता. त्याच्या शेजारी, विटून तपकिरी झालेल्या शाईत, दोन रेषा आणि एक देठ. मसुरीएवढी. देठाच्या टोकाला शाई जरा जास्त उतरली होती, बोरू कागदावर टेकवून क्षणभर थांबलं की उतरते तशी.

"हे कधी काढलं त्यांनी?" मी विचारलं.

नसीमनं वाकून बघितलं. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी तर आजच बघतेय."

माझा हात त्या कळीवर होता. तिला कुठलाच नंबर नव्हता.